अनुदान संपल्यावरचा पगार

महाराष्ट्रात नोकरी करणाऱ्या माणसाच्या पगारपत्रकात, कपातीच्या रकान्यात, एक छोटी ओळ असते: व्यवसाय कर. दरमहा २०० रुपये, फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाचे २,५००. भविष्य निर्वाह निधी आणि आयकर यांच्या मोठ्या आकड्यांखाली ही ओळ सहसा कुणी वाचत नाही. पुण्यातल्या बँकांमधले, आयटी कंपन्यांमधले, महाविद्यालयांमधले आणि खुद्द महापालिकेतले लोक वर्षानुवर्षं हा कर भरत आले आहेत. तो सुरू झाला रोजगार हमी योजनेसाठी.

१९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात लाखो माणसं खडी फोडायला आणि बांध घालायला उभी राहिली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी त्याआधीच तासगाव तालुक्यात एक कल्पना राबवून पाहिली होती: जो काम मागेल त्याला काम द्यायचं आणि ते काम जमीन व पाणी सुधारणारं असावं. दुष्काळानं त्या कल्पनेला राज्यभर नेलं. पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न १९७५ च्या व्यवसाय कराच्या कायद्यानं सोडवला. शहरातला पगारदार कर भरणार, राज्य सरकार त्यात तेवढीच भर घालणार आणि त्यातून गावातल्या पाझर तलावावर, नालाबंडिंगवर, वृक्षलागवडीवर राबणाऱ्याला मजुरी मिळणार. रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. ‘हरित रोजगार’ हा शब्द तेव्हा कुणाच्या तोंडी नव्हता, पण माती आणि पाणी अडवून मजुरी कमावणारी माणसं दुसरं काय करत होती? योजनेत दोष पुष्कळ होते. मजुरी उशिरा मिळे, हजेरीपटांत घोटाळे होत, अर्धवट बंधारे पावसात वाहून जात. तरी एक गोष्ट पक्की होती. काम काय आणि त्याचे पैसे कोण देणार, या दोन्हींची उत्तरं कायद्यात आधीच लिहिलेली होती.

या प्रकरणात आपल्याला याच दोन प्रश्नांकडे बघायचं आहे, पण गावाऐवजी शहरात आणि आजच्या काळात. पुण्यासारखी महापालिका वस्तीतल्या तरुणांना सौरऊर्जा, सांडपाणी, कचरा, विजेवरची वाहनं अशा कामांचं प्रशिक्षण द्यायचं ठरवते आणि त्यासाठी अनुदान मागायला निघते, तेव्हा नेमकं काय घडतं? आणि अनुदानाची मुदत संपल्यानंतरच्या महिन्यात त्या मुलाच्या खात्यात पगार कोण जमा करतं?

आधी महापालिकेलाच पदर पसरावा का लागतो, ते पाहू. पुणे महापालिका १५ फेब्रुवारी १९५० ला स्थापन झाली. २०२५-२६ चं तिचं अंदाजपत्रक १२,६१८ कोटी रुपयांचं होतं. एवढ्या पैशात काही शे मुलांचं प्रशिक्षण का बसू नये, असं कुणालाही वाटेल. अडचण कायद्याच्या रचनेत आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात पाणी, गटारं, रस्ते, दिवाबत्ती, साफसफाई ही बंधनकारक कर्तव्यं आहेत. ती टाळली तर न्यायालय जाब विचारतं. तरुणांना कौशल्य शिकवणं हे ऐच्छिक कामांत मोडतं. अंदाजपत्रकात काटछाट करायची वेळ आली की ऐच्छिक कामांवर पहिली कात्री चालते. शिवाय शहर पसरत चाललं आहे. २०१७ मध्ये ११ गावं आणि २०२१ मध्ये आणखी २३ गावं हद्दीत आली. त्या गावांना आधी पाणी आणि ड्रेनेज हवं. अशा वेळी समाज विकास विभागाच्या प्रशिक्षण वर्गांच्या वाट्याला मोठी तरतूद येणं अवघड. म्हणून बाहेरचा पैसा शोधावा लागतो.

हा बाहेरचा पैसा वेगवेगळ्या दारांनी येतो आणि प्रत्येक दाराची चौकट वेगळी आहे. केंद्राचा पैसा बहुधा कामाला बांधलेला असतो. २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू झाला. हवेच्या मानकांत न बसणाऱ्या शहरांच्या यादीत पुणे होतं. पंधराव्या वित्त आयोगानं दहा लाखांवरच्या शहरांसाठी हवेच्या गुणवत्तेचं वेगळं अनुदान ठेवलं, तेही पुण्याला लागू झालं. देशभरात या पैशाचा मोठा भाग रस्त्यावरची धूळ कमी करण्यावर खर्च झाला. यंत्र विकत घेतलं की खर्च लगेच दिसतो. निविदा निघते, गाडी येते, उपयोगिता प्रमाणपत्र जातं. ते यंत्र दहा वर्षं चालवणारा आणि दुरुस्त करणारा तरुण घडवण्याचा खर्च मात्र कुठल्याच रकान्यात नीट बसत नाही.

परदेशी पैशाची वाट याहून लांबची. मुळा-मुठा प्रदूषणमुक्त करण्यासाठी जपानच्या जायका या संस्थेशी जानेवारी २०१६ मध्ये करार झाला. कर्ज घेतलं केंद्र सरकारनं. सुमारे ९९० कोटींच्या या प्रकल्पातले ८५ टक्के महापालिकेला केंद्राकडून अनुदान म्हणून आणि १५ टक्के महापालिकेचा स्वहिस्सा, अशी वाटणी ठरली. त्यातून ११ नवी मैलापाणी शुद्धीकरण केंद्रं उभी राहायची होती. निविदा, फेरनिविदा, वाढलेले दर यांत वर्षं गेली आणि प्रत्यक्ष काम सुरू व्हायला २०२२ उजाडलं. करार झाला तेव्हा दहावीत असलेला मुलगा तोवर पदवीधर झाला होता. या केंद्रांवर काम करू शकतील अशा मुलांची एक आख्खी पिढी त्या सहा वर्षांत तयार करता आली असती. तसा विचारच प्रकल्पाच्या आखणीत मध्यभागी नव्हता, याचं मला फार वाईट वाटतं.

स्पर्धेतून मिळणारा पैसा हा आणखी एक प्रकार. केंद्राच्या स्मार्ट सिटी योजनेत शहरांना आराखडे लिहून स्पर्धेत उतरावं लागलं. २८ जानेवारी २०१६ ला पहिल्या २० शहरांची यादी आली, तेव्हा भुवनेश्वरनंतर दुसरं नाव पुण्याचं होतं. केंद्राकडून पाच वर्षांत ५०० कोटी आणि तेवढाच वाटा राज्य व महापालिकेचा, असं गणित होतं. त्या आराखड्यानं पुण्याला प्रस्ताव लिहायला शिकवलं. आकडे गोळा करायचे, नागरिकांची मतं मागवायची, खर्च आणि फायदा एका पानावर मांडायचा, ही सवय महापालिकेच्या खात्यांना तोवर फारशी नव्हती. जगातले देणगीदारही आता अशीच भाषा मागतात. अमेरिकेतल्या ब्लूमबर्ग फिलान्थ्रॉपीजनं २०२४ मध्ये जगभरातल्या १०० शहरांना हवामानविषयक कामासाठी प्रत्येकी ५०,००० डॉलर द्यायला सुरुवात केली. महापौर कार्यालयांनी त्यातून १५ ते २४ वयोगटातल्या तरुणांच्या छोट्या उपक्रमांना मदत करायची, अशी ती योजना. त्यात तरुणांना हुरूप येतो, पहिली ओळख होते. पण रुपयांत चाळीस-बेचाळीस लाख होणाऱ्या रकमेतून उपजीविका उभी राहत नाही आणि देणाऱ्यांचा दावाही तसा नाही.

पुण्याला सर्वांत जवळचं दार उद्योगांचं. कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमानुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना गेल्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. १ एप्रिल २०१४ पासून ही तरतूद अमलात आहे. पर्यावरण आणि रोजगाराभिमुख कौशल्य, दोन्ही त्या कामांच्या यादीत आहेत. पिंपरी, चाकण, रांजणगाव, हिंजवडी, खराडी अशा पट्ट्यांनी वेढलेल्या शहराला हा पैसा दाराशी उपलब्ध आहे. याच जोरावर महापालिका, शहरातले उद्योग आणि पुणे सिटी कनेक्ट ही संस्था एकत्र आली आणि २०१६ मध्ये औंधला ‘लाइटहाउस’ हे पहिलं केंद्र सुरू झालं. जागा महापालिकेची, चालवण्याचा खर्च मुख्यतः कंपन्यांच्या सामाजिक निधीतून.

लाइटहाउसची रीत समजून घेण्यासारखी आहे. वस्तीतला अठरा वर्षांवरचा मुलगा किंवा मुलगी आली की तिला लगेच शिवणकामाला किंवा संगणकाला बसवत नाहीत. आधी काही आठवडे स्वतःबद्दल बोलणं, गटात काम करणं, थोडं इंग्रजी, थोडा संगणक. मग समुपदेशन. त्यानंतर कोणता अभ्यासक्रम घ्यायचा ते ठरतं आणि पुढे नोकरीसाठी हात दिला जातो. वरवर पाहता हा वेळ वाया गेल्यासारखा वाटतो. पण ज्या मुलानं घरात कायम ‘तुला काय कळतंय’ एवढंच ऐकलेलं असतं, त्याला पहिल्या आठवड्यात सोलरच्या तारा हातात दिल्या तर तो तिसऱ्या आठवड्यात येणं बंद करतो. वस्तीत काम करणारी कुणीही ताई हे सांगेल. हरित रोजगाराच्या कोणत्याही प्रस्तावात या सुरुवातीच्या आठवड्यांचा खर्च धरायलाच हवा, आणि सर्वांत आधी कापला जातो तोही हाच.

आता खुद्द प्रस्तावाकडे येऊ. त्यात प्रशिक्षणार्थींची संख्या असते, दर माणशी खर्च असतो, केंद्राची जागा, प्रशिक्षक, यंत्रसामग्री, मूल्यमापन असतं. खातं विषयपत्र तयार करतं, आयुक्तांकडून ते स्थायी समितीपुढे आणि मुख्य सभेपुढे जातं, कारण स्वहिस्सा द्यायचा तर मान्यता लागते. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि प्रशासक आले. त्यानंतर बराच काळ या सगळ्या सह्या एकाच टेबलावर होत होत्या. फाइल वेगानं हलली असेल, पण आपल्या वॉर्डातल्या कोणत्या वस्तीत कोणती मुलं रिकामी बसली आहेत हे सांगणारा आवाज सभागृहात नव्हता.

प्रस्तावातली सर्वांत महत्त्वाची ओळ म्हणजे पैसे कधी मिळणार. केंद्रानं २०१५ मध्ये कौशल्य प्रशिक्षणासाठी सामाईक निकष ठरवले. त्यांनुसार संस्थेला ३० टक्के रक्कम वर्ग सुरू झाल्यावर, ५० टक्के परीक्षा होऊन प्रमाणपत्र मिळाल्यावर आणि उरलेली २० टक्के नोकरी लागल्याचं दाखवल्यावर, अशी विभागणी होती. जरा थांबून या वाटणीकडे पाहा. ज्या गोष्टीसाठी हे सगळं करायचं, ती नोकरी, तिच्या वाट्याला सर्वांत कमी रक्कम आली. ८० टक्के पैसे प्रमाणपत्राबरोबर हातात पडत असतील तर संस्था नवा वर्ग भरवण्याकडे वळणारच. मागच्या वर्गातल्या मुलाचं काय झालं हे विचारायला तिच्याकडे ना माणूस उरतो ना पैसा. कंपन्यांचा सामाजिक निधीही बहुधा एक ते तीन वर्षांच्या प्रकल्पांत अडकतो, कारण चालू प्रकल्पाला सुरुवातीचं वर्ष सोडून तीन वर्षांची मर्यादा नियमांतच आहे.

कौशल्याची वानवा प्रत्यक्षात कशी दिसते, ते मैलापाणी केंद्रावर नीट कळतं. २०,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या बांधकामाला २००६ च्या अधिसूचनेनुसार पर्यावरण मंजुरी लागते आणि मोठ्या गृहप्रकल्पांना आपलं सांडपाणी आवारातच शुद्ध करायचं बंधन असतं. त्यामुळे बाणेर, बावधन, वाघोली, खराडी, उंड्री या भागांतल्या सोसायट्यांच्या तळघरात किंवा कोपऱ्यात एक एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प, असतो. तो चालवायला बहुतेक वेळा सुरक्षारक्षकाच्या पगारावर एक मुलगा नेमलेला असतो. त्याला दोन बटणं दाखवलेली असतात.

या केंद्राचा जीव हवेच्या टाकीत असतो. तिथे कोट्यवधी सूक्ष्मजीव मैला खाऊन पाणी साफ करतात आणि त्यांना जगायला प्राणवायू लागतो; तो ब्लोअर पुरवतो. जाणता ऑपरेटर सकाळी पहिलं काम हे करतो: टाकीतलं गढूळ पाणी एक लिटरच्या काचेच्या मोजपात्रात घेतो, ते सपाट जागी ठेवतो आणि अर्धा तास हलवत नाही. गाळ हळूहळू खाली बसतो. साधारण तीनशे-चारशे मिलिलिटरच्या खुणेपाशी तो थांबला, वरचं पाणी नितळ असलं आणि गाळाचा रंग तपकिरी असला तर टाकीची तब्येत ठीक. गाळ काळा पडला आणि सडल्याचा वास आला तर सूक्ष्मजीव गुदमरताहेत. गाळ खाली बसेचना, कापसासारखा फुगून राहिला तर टाकीत तंतुमय जीवाणू माजलेत. पहिल्यात हवा वाढवायची, दुसऱ्यात गाळाचं प्रमाण आणि येणारं पाणी तपासायचं. एवढ्या एका चाचणीतून अर्धं निदान होतं आणि तिला लागतं ते फक्त एक मोजपात्र, घड्याळ आणि शिकलेला डोळा.

हे न शिकवलेल्या मुलाला सोसायटीच्या समितीचे सदस्य सांगतात, ‘लाइट बिल फार येतंय, रात्री ब्लोअर बंद ठेव.’ तो ठेवतो. सकाळपर्यंत टाकी काळवंडते. मग बागेला सोडलेल्या पाण्याचा वास येतो, तक्रारी होतात, टँकर मागवले जातात आणि सांडपाणी तसंच नाल्यात जातं. नाला मुळेत किंवा मुठेत मिळतो. हजार कोटींच्या नदी प्रकल्पाचं यश शेकडो तळघरांतल्या अशा मुलांवरही अवलंबून आहे. हरित रोजगार कौशल्य परिषदेकडे सांडपाणी केंद्राच्या तंत्रज्ञाचा रीतसर अभ्यासक्रम आहे. केंद्र सरकारच्या पाठिंब्यानं ही परिषद २०१५ मध्ये स्थापन झाली. सोसायटीला प्रमाणित माणूसच नेमायला लावणारी अट महापालिकेनं घातली आणि ती दरवर्षी तपासली तर त्या मुलाच्या पगाराला अनुदान लागणार नाही. तो पगार देखभाल शुल्कातून येईल, आणि सोसायटीचा टँकरवरचा खर्च त्यातून वाचेल.

छतावरच्या सौर पॅनेलचं चित्र थोडं वेगळं आहे, कारण तिथे मागणी आधीच उभी राहिली आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली: एक कोटी घरांचं उद्दिष्ट, ७५,०२१ कोटींची तरतूद आणि तीन किलोवॉटच्या संचाला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान. पुणे महापालिका त्याच्या कितीतरी आधीपासून सौरऊर्जा, पर्जन्यजल संधारण आणि गांडूळखत करणाऱ्यांना मिळकतकरात ५ ते १० टक्के सवलत देत आली आहे. अपारंपरिक ऊर्जेचं काम पाहणाऱ्या ‘महाऊर्जा’चं मुख्यालय पुण्यातच आहे. शिकण्यासाठी २०१५ पासून ‘सूर्यमित्र’ नावाचा ६०० तासांचा निःशुल्क अभ्यासक्रम आहे. पुण्याच्या अक्षांशावर पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून साधारण १८ ते २० अंशांत कलवायचं, टाकीची किंवा शेजारच्या इमारतीची सावली किती वाजता कुठे पडते ते बघायचं, अर्थिंगचा खड्डा नीट करायचा, हे सगळं त्यात येतं. पॅनेल जोडणारी कनेक्टरची पिन घट्ट दाबली गेली नाही तर तिथे उष्णता साठते आणि वर्षा-दोन वर्षांनी तीच जागा पेट घेऊ शकते. अनुदानाच्या घाईत बसवलेल्या छतांची खरी परीक्षा अजून पुढे आहे. बसवण्याचं काम काही वर्षांत ओसरेल. धुण्याचं, तपासण्याचं, इन्व्हर्टर बदलण्याचं काम पंचवीस वर्षं चालेल. प्रशिक्षणात त्या दुसऱ्या कामाला जास्त तास द्यावेत, असं माझं मत आहे.

दुचाकींच्या बाबतीत मात्र सावध राहायला हवं. पुणे हे दुचाकींचं शहर. गल्लीगल्लीत गॅरेज आणि सुट्या भागांसाठी नाना पेठ. बजाजनं जानेवारी २०२० मध्ये विजेवरची चेतक पुणे आणि बेंगळुरूत आणली, २०२२ मध्ये आकुर्डीत तिचा वेगळा कारखाना उघडला. या गाडीला ऑइल बदलावं लागत नाही, प्लग नाही, क्लचप्लेट नाही. गॅरेजमधल्या मुलाची रोजची कमाई याच तीन-चार कामांवर असते. हरित बदल जसा काम निर्माण करतो तसा तो काम काढूनही घेतो, आणि ज्याचं जातं तो बहुधा दहावी न झालेला, बारा-चौदा वर्षांचा असल्यापासून पान्हा धरलेला कारागीर असतो. त्याला शाळेत परत बसवून चालणार नाही. त्याच्या गॅरेजच्या वेळा सांभाळून, संध्याकाळी, बॅटरी आणि मोटर उघडून दाखवणारे वर्ग हवेत. औंधच्या शासकीय आयटीआयसारख्या संस्थांच्या कार्यशाळा त्या वेळी मोकळ्या असतात. शहराची बससेवा चालवणाऱ्या पीएमपीएमएलनं फेब्रुवारी २०१९ मध्ये विजेवरच्या बस आणल्या, त्यातून नवी कामंही निघाली. पण त्या बस किलोमीटरमागे भाडं देऊन कंत्राटदाराकडून चालवल्या जातात. चालक आणि मेकॅनिक त्याचे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमानं आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं २००८ मध्ये हरित रोजगारावर जो अहवाल काढला, त्यात काम पर्यावरणाला पोषक असण्याबरोबरच ते सन्मानाचं, सुरक्षित आणि पुरेशा मोबदल्याचं असावं असं म्हटलं होतं. बस हरित आहे. तिच्या खाली झोपून बॅटरीचे नट आवळणाऱ्याची नोकरी तशी आहे का, हे ठेक्याच्या अटी वाचल्याशिवाय सांगता येत नाही.

पुण्यात यंत्र आलं आणि माणूस विसरला, याचा जुना धडाही आहे. २००९ च्या सुमारास महापालिकेनं ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस करणारे छोटे प्रकल्प प्रभागांत उभारायला सुरुवात केली. बहुतेक रोज पाच टन क्षमतेचे, आणि बघता बघता वीसहून अधिक झाले. कल्पना उत्तम: कचरा जिथला तिथे जिरवायचा, उरुळी-फुरसुंगीच्या कचरा डेपोवरचा बोजा कमी करायचा, गॅसवर वीज करून रस्त्यावरचे दिवे लावायचे. पुढे त्यांतले कितीतरी बंद पडले किंवा क्षमतेच्या निम्म्याहून कमी चालले. कारणं साधी होती. ओल्यात सुका कचरा मिसळून येई, यंत्रात प्लास्टिक अडके, टाकीतली आम्लता बिघडे आणि ती ओळखणारं कुणी जागेवर नसे.

याउलट कमीत कमी यंत्रांवर उभं राहिलेलं एक काम टिकलं. १९९३ मध्ये डॉ. बाबा आढाव आणि एसएनडीटी विद्यापीठातल्या कार्यकर्त्यांच्या पुढाकारानं कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. कचराकुंडीतून भंगार वेचणाऱ्या बायकांची ही संघटना. महापालिकेनं त्यांची ओळखपत्रं मान्य केली, आणि २००८ मध्ये याच कष्टकऱ्यांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेशी दारोदार कचरा गोळा करण्याचा करार केला. आज साडेतीन हजारांहून अधिक कचरावेचक त्यात आहेत. त्यांच्या कमाईचे दोन भाग: घरटी दरमहा मिळणारं शुल्क आणि वेगळ्या केलेल्या भंगाराची विक्री. महापालिका देखरेख, साहित्य आणि प्रशिक्षणाचा भार उचलते. म्हणजे सार्वजनिक पैसा व्यवस्थेला आणि रोजची मजुरी सेवा घेणाऱ्याकडून. कुणी देणगीदार निघून गेला तरी महिन्याच्या एक तारखेला बाई दारात उभी राहून पैसे मागू शकते.

हे काम सोपं नाही आणि सुरक्षितही नाही. कुणी शुल्क देत नाही, कुणी डायपर आणि काच एकाच पिशवीत कोंबतं. २०२० च्या अखेरीस करार संपला तेव्हा महिनोनमहिने मुदतवाढीवर मुदतवाढ मिळत राहिली आणि हजारो बायकांचा जीव टांगणीला लागला. ज्या शहरानं देशाला हे काम दाखवलं, त्या शहरानं त्या बायकांना असं तिष्ठत ठेवायला नको होतं. तरीही कोणत्याही नव्या प्रशिक्षण प्रस्तावानं ‘स्वच्छ’कडून पैशाची ही रचना शिकावी. या बायकांच्या मुलींना आईसारखं कुंडीत हात घालायचा नाही, ते योग्यच आहे. पण कचऱ्याचं वर्गीकरण आईइतकं कुणालाच कळत नाही आणि घरातलं हे ज्ञान बायोगॅस प्रकल्पाच्या पर्यवेक्षकाला लागतंच.

मग पुण्यानं अनुदान मागावं की नाही? जरूर मागावं, आणि अधिक चांगलं मागावं. पहिल्या पानावर ‘किती मुलं शिकतील’ याऐवजी ‘कोणती पदं आहेत आणि त्यांचा पगार कोणत्या खात्यातून निघेल’ हे लिहावं. अनुदानाच्या पैशातून सुरुवातीचे आठवडे, विद्यावेतन, बसचा पास, उंचीवर काम करण्याचे पट्टे आणि कार्यशाळेतली यंत्रं यावीत. अकुशल कामाची रोजची मजुरी बुडवून तीन महिने वर्गात बसायचं असेल तर घरातून पहिला प्रश्न येतो, ‘तोवर खायचं काय?’ राज्याच्या मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेनं २०२४ मध्ये शिक्षणानुसार ६,००० ते १०,००० रुपयांचं विद्यावेतन सुरू केलं, त्यावरून ही गरज सरकारलाही मान्य आहे हे दिसतं. प्रशिक्षण संपल्यावर काय, हा प्रश्न त्याही योजनेतल्या मुलांनी रस्त्यावर उतरून विचारला.

याचं एक उत्तर महापालिकेच्या स्वतःच्या हातात आहे आणि त्याला कुणाच्या देणगीची गरज नाही. शिकाऊ उमेदवार अधिनियम १९६१ सालचा आहे. २०१९ च्या सुधारित नियमांनुसार ३० किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेनं आपल्या मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यायचे असतात. महापालिकेकडे पाणी, मैलापाणी, विद्युत, उद्यान, घनकचरा अशी खाती आहेत. पर्वती, वडगाव, वारजे इथली जलशुद्धीकरण केंद्रं आहेत. लाइटहाउसमधून बाहेर पडणारा मुलगा थेट तिथे एका वर्षासाठी गेला तर त्याच्या हातात प्रमाणपत्राबरोबर अनुभवही येईल.

सुरुवात कुठून करावी हेही २०२५ नं सांगून ठेवलं आहे. त्या जानेवारीत सिंहगड रस्त्यावरच्या नांदेड, किरकटवाडी, धायरी, खडकवासला भागात गियाँ-बारे सिंड्रोमचे रुग्ण अचानक वाढले. हातापायांतलं बळ जाऊन माणसं अतिदक्षता विभागात पोचली. राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या तपासणीत काही रुग्णांच्या नमुन्यांत दूषित पाण्या-अन्नातून येणारा कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जीवाणू सापडला, आणि विहिरींच्या, टँकरच्या, खासगी शुद्धीकरण प्रकल्पांच्या पाण्याची तपासणी सुरू झाली. हीच ती हद्दीत नव्यानं आलेली गावं. पाणी सुरक्षित ठेवायचं तर टाकीत क्लोरीन टाकून भागत नाही. वाहिनीच्या शेवटच्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलं आहे का, हे रोज कुणीतरी जाऊन पाहावं लागतं. नळ दोन मिनिटं वाहू द्यायचा, छोट्या नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, रंग जुळवायचा, वेळ आणि ठिकाण नोंदवायचं, आणि रंग आला नाही तर त्याच तासाला वर कळवायचं. बारावी झालेली मुलगी हे काम काही आठवड्यांत शिकते. त्या गावांतल्या मुलींना त्यांच्याच गावाच्या पाण्याची राखण करायला पाणीपुरवठा खात्यानं नेमावं. त्यांच्या प्रशिक्षणाचे पैसे कुठल्याही अनुदानातून येऊ देत. त्यांची पदं मात्र महापालिकेच्या आकृतिबंधात धरावीत आणि पगाराची तरतूद पाणीपट्टीतून करावी.